सैल सोड, म्हणते ना!

माणसाला शांत व्हायला शिकवणारी बाई कशी दिसावी, याचं माझ्या डोक्यात एक चित्र होतं. फिकी साडी, मंद हसू, आणि आवाज असा की ऐकायला पुढे वाकावं लागावं. कुंदाताई जाधव मला पहिल्यांदा दिसल्या त्या लालबागच्या भर रस्त्यात, अंबाडा सुटलेला, ओढणी कमरेला खोचलेली, आणि समोरच्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. तो बिचारा टेम्पो मागे घेताना हॉर्न वाजवत होता, एवढाच त्याचा गुन्हा.

"अरे, वर पाच बायका झोपवून आलेय मी! हॉर्न कसला वाजवतोस? झोपवल्यात त्यांना, कळतंय का?"

टेम्पोवाल्याचा चेहराच उतरला. त्याला काय वाटलं असेल ते देव जाणे, पण त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि टेम्पो हाताने ढकलायला लागला.

मी माझ्या सुनेला, सायलीला, म्हटलं, "हीच का तुझी ती संमोहनवाली? चल, घरी जाऊ." मी महापालिकेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेली बाई. माझं माणसांबद्दलचं मत पटकन होतं आणि सहसा बदलत नाही. पण सायली हसली. सहावा महिना सरत आला होता तिचा, आणि कित्येक आठवडे ती घरात हसली नव्हती. म्हणून आम्ही जिना चढलो.

वर्ग भरायचा मसाल्याच्या दुकानावरच्या खोलीत. खाली मिरच्या कुटायचा डंका. धाड, धाड, धाड, दिवसभर. उन्हाळ्यात तर अख्खी मुंबई वर्षाचा मसाला करायला लालबागला लोटते. तेव्हा कुंदाताई "दीर्घ श्वास घ्या" म्हणायच्या आणि पाचही गरोदर बायका एकदम शिंकायच्या. कुणीतरी त्यांना सुचवलं होतं म्हणे, माटुंग्याला एक छान एसी हॉल मिळतोय, तिकडे वर्ग घ्या. त्यावर कुंदाताई म्हणाल्या होत्या, "माटुंग्याला शांतता आहे, मला ठाऊक आहे. पण बाळंतपण त्या हॉलमध्ये करायचंय का? लेबर रूममध्ये ट्रे आपटतात, मावश्या भांडतात, शेजारची बाई बोंबलते. या डंक्याच्या डोक्यावर बसून जिला डोळे मिटता आले, तिला कुठेही मिटता येतील. कान बंद करता येत नाहीत गं, कान सैल सोडायचे."

"मग टेम्पोवाल्याला का ओरडलात?" मी विचारलं.

"डंका म्हणजे पोट भरणं आहे. हॉर्न म्हणजे मस्ती," त्या म्हणाल्या.

कुंदाताई मूळच्या घोडपदेवच्या. वडील गिरणीत. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हा वर्ग काढला. स्वतःबद्दल बोलायला त्या कधी लाजल्या नाहीत. "श्वास मला विहारात मिळाला, स्नायू हॉस्पिटलात मिळाले, आणि आवाज आईकडून आला," असं त्या कुणी न विचारताही सांगायच्या. लहानपणी विहारात डोळे मिटून श्वासाकडे बघायला बसवायचे, त्याचा त्यांना तेव्हा फार कंटाळा यायचा. पुढे हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की भीतीने आवळलेल्या बाईला कळ दुप्पट लागते. कळ आली की ती अंग आवळते, अंग आवळलं की कळ वाढते, कळ वाढली की भीती. मग त्या कुठे कुठे जाऊन स्वसंमोहन शिकून आल्या. त्यातला जादूटोण्यासारखा वाटणारा भाग त्यांनी काढून टाकला आणि त्यात चाळीचा जिना घातला.

म्हणजे असं. बाकीचे लोक सांगतात, डोळे मिटा, समुद्रकिनाऱ्यावर आहात, मऊ वाळू आहे. कुंदाताई म्हणायच्या, "वाळू कपड्यात जाते. आपला जिना घ्या. तुमच्या चाळीचा, लहानपणीचा. वरच्या मजल्यावर उभ्या आहात. एक पायरी उतरा, खांदे सैल. अजून एक, मांड्या सैल. लाकूड कुरकुरलं? कुरकुरू दे. खाली तुमची जागा आहे. तिथे तुम्हाला कोणी 'अगं, जरा ऊठ' म्हणणार नाही." ती जागा प्रत्येकीने स्वतः शोधायची आणि कुणालाही सांगायची नाही. नवऱ्यालाही नाही. सायलीची जागा कोणती ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि न विचारता राहणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

हे सगळं त्या ज्या आवाजात सांगायच्या तो आवाज कुठून यायचा कोण जाणे. रस्त्यावरचा तो पत्रा वाजल्यासारखा आवाज डोळे मिटल्यावर खाली खाली जायचा, दुधावर साय धरावी तसा जाड आणि गुळगुळीत व्हायचा. पण तेवढ्यात कुणाच्या तरी कपाळावर आठी दिसायची आणि मग मूळ कुंदाताई उसळून वर यायच्या. "सैल सोड! अगं, सैल सोड, म्हणते ना!" त्या ओरडण्याने निम्मा वर्ग दचकायचा. पण खरं सांगते, दचकून झालं की अंग आपोआप सुटायचं.

आता आम्ही तिथे का गेलो ते सांगते.

आमची नात ओवी चार वर्षांची. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे सायली तेव्हा गावी होती. तिथल्या हॉस्पिटलात काय झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप, एवढंच आम्हाला कळलं आणि आम्ही पेढे वाटले. दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर तिला परळच्या डॉक्टर मॅडमकडे नाव घालून दिलं. ती तपासणीच्या दिवशी फाइल घेऊन निघायची आणि दुपारी परत यायची. एक दिवस मॅडमकडून मला फोन, "तुमची सून गेल्या दोन वेळा आलीच नाही." मी चपला घातल्या तशी निघाले. हॉस्पिटलच्या समोर उसाच्या रसाचं दुकान आहे. तिथे बाकावर बसली होती. पुढ्यात रसाचा ग्लास, तोंड न लावलेला.

"आई, इथपर्यंत येते मी," ती म्हणाली. "गेटातून आत जायला पाय उचलत नाही."

मग तिथेच, त्या बाकावर, तिने सगळं सांगितलं. तिला एकटीला टाकून ठेवलं होतं. ती ओरडली तेव्हा एकीने तोंडावर हात दाबला. "तोंड मिटून पड, लाज नाही वाटत ओरडायला?" सायली म्हणाली, "मी मिटलं तोंड. त्यानंतर मला काही आठवत नाही, फक्त दात दुखत होते ते आठवतं."

चार वर्षं ही पोर माझ्या घरात वावरतेय, भाकऱ्या थापतेय, आणि पोटात हे घेऊन. मी तिचा हात धरून तिला आत नेलं. डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि म्हणाल्या, "प्रकृती उत्तम आहे, सगळं नीट होईल. पण ही भीती अशीच घेऊन हिला लेबर रूममध्ये आणायची नाही. कुंदाताईंकडे जा."

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी गोंधळ घातला. हे पक्के मालवणी, भुताखेतांवर नितांत विश्वास. "संमोहन? ही बाय आमच्या सुनेक भुलवतली! तिच्या डोळ्यांक बघू नको गो!" शेवटी दुसऱ्या वर्गाला हे स्वतः पहारा द्यायला आले. दाराशी खुर्ची टाकून, हाताची घडी घालून, कुंदाताईंकडे टक लावून बसले. कुंदाताईंनी जिना उतरवायला सुरुवात केली. खांदे, मांड्या, पोटऱ्या. खालून डंका चालला होता. थोड्या वेळाने डंक्याच्या जोडीला दुसराच एक आवाज यायला लागला. बघते तर हे घोरतायत. मान मागे, तोंड उघडं. वर्ग संपला तरी उठेनात.

"बाई," कुंदाताई मला म्हणाल्या, मी शिक्षिका म्हणून त्या मला 'बाई'च म्हणायच्या, "तुमचे मिस्टर पहिल्या नंबराने पास. जबडा बघा किती सुंदर सुटलाय!"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "सायलीचा सुटत नाहीये," त्या म्हणाल्या. "खांदे सुटले, पाय सुटले, श्वास छान बसला. जबडा मात्र कुलूप लावल्यासारखा. जबडा आवळला की खालचं सगळं आवळतं, बाई. तो सुटला पाहिजे."

पुढचे दोन-अडीच महिने कुंदाताई त्या जबड्याच्या मागे लागल्या. वर्गात सगळ्यांना गाईसारखं हंबरायला लावायच्या, "आऽऽ" करून खालच्या पट्टीत आवाज काढायला लावायच्या. बाकीच्या बायका लाजत लाजत हंबरायच्या, मग हसायच्या, मग मनसोक्त हंबरायच्या. खाली मसाला घ्यायला आलेली गिऱ्हाइकं वर बघायची. सायली ओठ मिटून गुणगुणायची. कुंदाताई तिच्यावर कधी ओरडल्या नाहीत. तिच्या गालावर दोन बोटं ठेवायच्या, "असू दे. उद्या," म्हणायच्या आणि तिचा राग दुसऱ्या कुणावर तरी काढायच्या.

एकदा त्यांनी कळ सोसायची तालीम म्हणून बर्फ आणायला सांगितला. बर्फ मुठीत धरायचा, हात ठणकायला लागला की जिना उतरायचा. माझा मुलगा नितीन, सायलीचा नवरा, बसवर कंडक्टर. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो म्हणाला, मी आणतो. आणला. मोठ्या पिशवीत, कागदात गुंडाळून. बायकांनी मुठीत धरला आणि एकीने नाक दाबलं, दुसरी मोरीकडे धावली. या शहाण्याने बर्फ आणला होता मासळी बाजारातून, कोळणीच्या टोपलीतून! पापलेटांवरचा! आमच्या घरी बर्फ म्हणजे मासळी बाजार, हे समीकरण इतकं पक्कं की त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

मला वाटलं आता कुंदाताई त्याला खिडकीतून खाली टाकणार. त्यांनी तसा आवाज लावलाही. "अरे गाढवा, गरोदर बायका आहेत या!" पण मध्येच थांबल्या. काहीतरी विचार केला आणि वर्गाकडे वळल्या. "धरा गं. धरा मुठीत. लेबर रूममध्ये तुमच्यासाठी कुणी गुलाबपाणी शिंपडून ठेवणार नाहीये." आणि धरला सगळ्यांनी. ती खोली पुढे आठवडाभर मिरची आणि पापलेटाच्या मिश्र वासाने दरवळत होती. सायलीने त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ बर्फ धरला. डोळे मिटलेले, कपाळ गुळगुळीत. फक्त जबडा तसाच.

नितीनलाही त्यांनी सोडलं नाही. नवऱ्याचं काम म्हणे बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि ठरलेलं एक वाक्य म्हणायचं, की तिला जिना आठवावा. त्यांनी सुचवलं, "तू शांत आहेस, तू सुरक्षित आहेस." नितीनने प्रयत्न केला. तो 'सुरक्षित'पर्यंत पोचायच्या आधी दोघं नवरा-बायको फिदीफिदी हसायला लागायची. "तुझ्या तोंडात नेहमीचं वाक्य कोणतं?" कुंदाताई वैतागून म्हणाल्या. "पुढे चला, पुढे जागा आहे," नितीन म्हणाला. "हेच," त्या म्हणाल्या. "हे तू दिवसभर म्हणतोस, यात खोटं काही येणार नाही."

खोट्याची त्यांना भारी चीड. एका मुलीने विचारलं, "ताई, हे केलं की दुखत नाही ना?" तर म्हणाल्या, "दुखतं. दुखत नाही म्हणणारा तुला फसवतोय. दुखण्याची भीती कमी होते, म्हणून दुखणं झेपतं. आणि डॉक्टर म्हणाल्या सिझर, तर सिझर. तिथे हुज्जत घालायची नाही. टेबलावरही श्वास आपलाच असतो, तो कोणी काढून घेत नाही." डॉक्टरांची तपासणी चुकवणाऱ्या मुलीला त्या वर्गात बसू देत नसत. सायली पुढे एकही तपासणी चुकली नाही. गेटापाशी थांबायची, डोळे मिटायची, मग आत जायची. मी बघायचे.

आणि डोहाळजेवण! ते सांगितल्याशिवाय कुंदाताई पुऱ्या होत नाहीत. आपल्याकडे डोहाळजेवणाला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, आणि मग पानावर बसल्या बसल्या बायका सुरू होतात. कुणाची नाळ अडकली होती, कुणाला कसे टाके पडले. ज्या पोरीचं कौतुक करायला जमायचं, तिचेच हातपाय गार करून घरी जायचं. कुंदाताईंचा नियमच होता की त्यांच्या मुलींच्या डोहाळजेवणाला त्या जाणार आणि दाराशी पाट मांडून बसणार. जी बाई बाळंतपणाची भयकथा सुरू करेल तिने तिथल्या तिथे उखाणा घ्यायचा.

आमच्याकडे सावंतवाडीच्या मामी आल्या होत्या. मामींचा या विषयात हातखंडा. पहिली करंजी तोंडात गेली आणि त्या म्हणाल्या, "माझ्या वेळेला तर बाई—"

"उखाणा!" दारातून आवाज आला.

मामींना वाटलं गंमत आहे. घेतला. परत, "पण त्या सुईणीने ना—" "उखाणा!" असं तीन-चारदा झालं. मामींचे ठेवणीतले उखाणे संपले, बायका हसून हसून लोळायला लागल्या, सायलीच्या डोळ्यांतून पाणी. शेवटी मामी उठून उभ्या राहिल्या आणि कुंदाताईंना हात जोडून म्हणाल्या,

"घावन्यांसोबत वाढला नारळाचा रस गोड,
दत्तारामांचं नाव घेते, आता तरी मला सोड!"

त्यावर जो हशा उसळला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. कुंदाताई पाटावरून उठल्या, मामींना मिठी मारली आणि त्यांच्याच ताटातला घावन उचलून खाल्ला. जाताना मला दारात म्हणाल्या, "पाहिलंत? हसताना तोंड उघडलं तिने. पूर्ण नाही, पण उघडलं."

सायलीचे दिवस भरले. सकाळची वेळ. ओवीच्या डब्यासाठी मी पोळ्या लाटत होते. सायली ओट्याला टेकून उभी राहिली, डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले आणि म्हणाली, "आई, सुरू झालंय." असं म्हणाली जसं दूधवाला आलाय. नितीनने टॅक्सी आणली. मी कुंदाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "येते. पण आत येणार नाही. मी आत असले तर ती माझ्याकडे बघेल. तिने स्वतःकडे बघायचंय."

हॉस्पिटलच्या गेटाशी सायली थांबली. मला वाटलं, नेहमीसारखी थांबली आहे. पण हा नेहमीचा दिवस नव्हता. चेहरा पांढराफटक, हात गेटाच्या गजावर, बोटं सुटेनात. मागे रुग्णवाहिका आली. वॉचमन म्हणाला, बाजूला व्हा. आता ही परत फिरते की काय! नितीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढे चला," तो म्हणाला. "पुढे जागा आहे." सायलीने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले, मग बोटं सुटली. आणि ती चालायला लागली.

लेबर रूममध्ये नितीनला सोबत जाऊ दिलं. मी आणि कुंदाताई बाहेर बाकावर. त्या बाकावर त्या बसल्या असतील तर शपथ. उठायच्या, दाराला कान लावायच्या, परत यायच्या. ट्रॉली आपटत नेणाऱ्या मावशीला झापून आल्या. मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही किती टेन्शन घेता!" मी नुसती बसले होते.

थोड्या वेळाने एक सिस्टर बाहेर आली. "तुमची पेशंट झोपते की काय? चांगल्या जोरात कळा येतायत आणि ती डोळे मिटून बसलीय. मध्येच गालात हसते." मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

"गप्प आहे का?" त्यांनी सिस्टरला विचारलं.

"एकदम गप्प. अशी पेशंट मिळायला नशीब लागतं."

सिस्टर आत गेली. कुंदाताई माझ्या शेजारी प्रथमच टेकल्या. "लोकांना वाटतं मी बायकांना गप्प राहायला शिकवते," त्या म्हणाल्या. "कुणी गप्प राहून सैल असते, कुणी गाऊन. हिचं गप्प राहणं मला आवडत नाही, बाई. ते हिचं नाही. ते त्या हाताचं आहे, तोंडावर दाबलेल्या." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. वेळ जात होता. आतून डॉक्टर मॅडमचा आवाज यायचा, "छान, छान, आता जोर लाव." मग शांतता. परत, "लाव जोर, सायली." परत शांतता. मी मनात रामेश्वराला साकडं घातलं.

आणि मग किंकाळी.

किंकाळी कसली, गर्जना. भिंतीवरचं घड्याळ हलावं अशी. माझ्या सुनेच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. संपलं, मला वाटलं. इतके महिने केलेलं सगळं वाया गेलं, घाबरली माझी पोर.

कुंदाताई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांनी माझे दोन्ही दंड धरले आणि मला गदागदा हलवलं.

"सुटला! बाई, जबडा सुटला!"

"अहो, ओरडतेय ती!"

"ओरडतेय! भीतीचा आवाज गळ्यातून येतो, चिरका. हा ऐका. हा पोटातून आलाय. ओरड गं, बये! ओरड!" त्या बंद दाराकडे तोंड करून त्या स्वतःच ओरडायला लागल्या. वॉर्डातले नातेवाईक उठून उभे राहिले. एक सिस्टर धावत आली, "मॅडम, हे हॉस्पिटल आहे!" आतून दुसरी गर्जना आली, पहिलीपेक्षा मोठी. तिसरी. आणि तिच्या शेपटाला एक बारीकसा, नवाकोरा, चिडलेला आवाज.

मी आणि कुंदाताई एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मुलगी झाली हे आम्हाला बऱ्याच वेळाने कोणीतरी सांगितलं.

मला आत सोडलं तेव्हा सायली घामाने निथळत होती आणि चेहऱ्यावर असं तेज, की मी बाळाकडे बघायच्या आधी तिच्याकडेच बघत राहिले. नितीन कोपऱ्यात भिंतीला टेकून हुंदके देत होता. "आई, मी ओरडले," सायली म्हणाली. आवाज पार बसला होता. "कुणी विचारलं, तर सांगा. सिस्टर म्हणाल्या, जरा हळू. मी म्हटलं, नाही. माझं बाळ आहे, मी ओरडणार." डॉक्टर मॅडम हातमोजे काढत हसत होत्या. ती सिस्टरही हसत होती.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत कुंदाताई गुडघ्यांपायी वर्ग बंद करून नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या. फोनवर असतात. नाशिकच्या रिक्षावाल्यांवर त्यांचा फार राग आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशीच्या.

त्या सकाळी बाळाला बघायला आल्या, माझ्यासाठी लालबागचा चिवडा घेऊन. बाळाच्या हनुवटीला बोट लावून म्हणाल्या, "हिचा बघा, जन्मतःच सैल." आणि निघाल्या. सायली हळूहळू उठून खिडकीशी गेली. मीही गेले. खाली आवारात, पायऱ्यांशी, एक गरोदर मुलगी बसली होती. कोवळी, विशीतली असेल. शेजारी तिची आई पिशवी घेऊन उभी, तिला ओढत होती, आणि ती मुलगी कठड्याला घट्ट धरून मान हलवत होती. कुंदाताई जाता जाता थांबल्या. खाली बसल्या, त्या गुडघ्यांनी. काहीतरी बोलायला लागल्या. मुलगी ऐकेना. कुंदाताईंनी वर पाहिलं. खिडकीत सायली दिसली, तशी त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

मला वाटलं, सायली हात हलवेल.

सायलीने खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि बसलेल्या आवाजात, होता नव्हता तो सगळा जोर लावून, हाक मारली. आवारातली सगळी माणसं वर बघायला लागली.

"ए! ये वर! मी कालच जाऊन आले!"

मुलीने वर पाहिलं. मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या तोंड किंचित उघडं टाकून नुसत्या सायलीकडे बघत होत्या. मग त्या मुलीने कठडा सोडला, आईच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि पायऱ्या चढायला लागली.